आवाज बसलेली बाई आणि अडकणारी सीडी: लॉरिन हिल कुठून ऐकू?

खडूपेटी, सहकारनगर

नमस्कार मंडळी. गाण्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे, एरवी पाककृतींत सापडते. प्रश्न छोटाच आहे, पण सध्या मला बोलायला बंदी आहे, त्यामुळे सगळं बोलणं बोटांतून बाहेर येतंय. सांभाळून घ्या.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीचा वर्ग, पट बावन्न, खोली वरच्या मजल्यावर आणि वर पत्रा. पाऊस लागला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की 'पान बारा उघडा' एवढं मागच्या बाकापर्यंत पोचवायला कीर्तनकाराचा आवाज लावावा लागतो. अठरा वर्षं लावला. या जुलैत तो गेला. आधी घोगरा झाला, मग मधेच फाटायला लागला आणि एका सोमवारी प्रार्थनेला तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी नळी घालून स्क्रीनवर दाखवलं, स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक गाठी. शिक्षकांना होतंच हे, म्हणाले. तीन आठवडे मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने उलट ताण येतो. घरात मुलाची जुनी पाटी घेऊन फिरते. नवऱ्याला हे मौन जरा जास्तच मानवलंय, ते असो.

रिकामी बसून करायचं काय, म्हणून माळा आवरायला काढला. त्यात दादाचं खोकं निघालं. दादा २००३ साली न्यू जर्सीहून कायमचा परत आला तेव्हा 'फ्लॅट झाला की नेतो' म्हणून ठेवून गेला होता. फ्लॅट होऊन पंधरा वर्षं झाली. आत कुकरची एक शिट्टी (अमेरिकेला नेलेली आणि परत आणलेली), दोन चार्जर आणि अकरा सीडी. त्यांत एक जोडसीडी, लॉरिन हिल या अमेरिकन गायिकेची, 'एमटीव्ही अनप्लग्ड नंबर २.०'. आतली पुस्तिका गायब. जुन्या म्युझिक सिस्टीमवर लावली.

एक बाई आणि एक गिटार, बाकी काही नाही. बाईचा आवाज बसलेला! वर जाताना खरखरतो, मधेच सुटतो, ती थांबते, पुन्हा धरते. आणि बोलते किती. दोन गाण्यांच्या मधे बोलतच राहते, एकदा तर घड्याळ लावून बघितलं, दहा मिनिटांच्या वर. मला तिचं इंग्रजी जेमतेम निम्मं कळतं. तरी तीन दुपारी तेच ऐकतेय.

दादाला मेसेज केला तर त्याचं उत्तर: 'ती बिघडलेली सीडी आहे, ऐकू नकोस. खरी लॉरिन म्हणजे मिसएज्युकेशन. तो एक अल्बम केला आणि संपली.'

तर प्रश्न असा की ही खरंच तीच बाई का? एकच अल्बम काढून माणूस 'संपतो' म्हणजे काय होतं? मी कुठून सुरुवात करू? आणि जाता जाता, 'आय गॉट्टा फाइंड पीस ऑफ माइंड' या गाण्यात सहाव्या मिनिटाच्या पुढे सीडी अडकते, टक्-टक् करत बसते. काही उपाय?

कर्वेनगरकर

यूट्यूबवर सगळं आहे. सीडी कोण लावतं अजून?

बाकी तुमचे बंधू बरोबर बोलले. १९९८चा तो अल्बम ऐका आणि थांबा.

नदीपात्र_ढोल

ताई, लवकर बऱ्या व्हा. आमच्या पथकात पण दोन जणांचे आवाज असेच गेलेत, सरावात ढोलावरून ओरडून ओरडून.

पण तुम्ही शिक्षिका आहात आणि तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?? 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' सुरू कशाने होतो माहितीये? शाळेच्या घंटेने! सर हजेरी घेतात. एकेक नाव, एकेक 'हजर'. मग लॉरिन हिल असं नाव घेतात. उत्तर नाही. परत घेतात. नाही. तिसऱ्यांदा घेतात, तरी नाही, आणि तिथून धाडकन 'लॉस्ट वन्स'ची बीट पडते. पोरगी वर्गात नाहीच, ती बाहेर रॅप करतेय. मी अकरावीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पीएमपीच्या बसमध्ये होतो, स्वारगेटला उतरायचं ते कात्रजला पोचलो.

मधून मधून तो वर्ग परत येतो. सर फळ्यावर 'लव्ह' लिहितात आणि पोरांना विचारतात की हे काय असतं. ते सर म्हणजे रास बराका, कवी आणि खरेच शिक्षक, पुढे २०१४मध्ये नेवार्क शहराचे महापौर झाले. आणि वर्ग भरला होता साउथ ऑरेंजमधल्या लॉरिनच्या घरी, दिवाणखान्यात. साउथ ऑरेंज पण न्यू जर्सीतच, तुमच्या दादांच्या शेजारपाजारचं समजा.

नावाचं पण सांगतो. कार्टर वुडसन नावाचे कृष्णवर्णीय इतिहासकार होते, त्यांचं १९३३चं पुस्तक, 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो'. त्यावरून घेतलंय. शाळेत शिकवतात ते आपल्या लोकांना आपल्याच लोकांपासून लांब नेतं, असा त्यांचा मुद्दा. तिने तो प्रेमाला लावला.

सुरुवात तिथूनच करा. आणि कर्वेनगरकर काका, 'थांबा' काय? ती 'बिघडलेली' सीडी आहे ना, त्यातल्या 'मिस्ट्री ऑफ इनिक्विटी'ची ओळ कान्ये वेस्ट या रॅपरला 'ऑल फॉल्स डाउन'साठी हवी होती. परवानगी जमली नाही, तर त्याने सायलीना जॉन्सनकडून तीच ओळ नव्याने गाऊन घेतली. २००४ला हिट. बिघडलेल्या मालाला एवढं गिऱ्हाईक नसतं.

खडूपेटी

नदीपात्र, तुला 'अरे' म्हणते, चालेल ना? काल रात्री हेडफोन लावून ऐकला. हजेरीपाशी मी पाच वेळा मागे गेले.

आता शिक्षिका म्हणून बोलते. मीसुद्धा तीनदाच हाक मारते. पहिली नेहमीची. दुसरी जरा वरच्या पट्टीत, कारण पोर खिडकीबाहेर बघत असतं. तिसरी हळू, कारण तोवर कळलेलं असतं की आलेलं नाही, आणि ते का आलं नसेल याचा विचार हाक मारतानाच सुरू होतो. मग रकान्यात 'गै'. ही रीत सगळीकडे सारखीच दिसतेय.

आणि तो वर्ग खोटा नाही. पोरं एकमेकांच्या बोलण्यावर चढतात, कुणीतरी उगाच फिदीफिदी हसतं, एखादी पोरगी अचानक फार शहाणं बोलून जाते आणि तिला कळतही नाही. सर स्वतः कमी बोलतात, पोरांचंच वाक्य उचलून परत पोरांकडे टाकतात. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवायला दोन दिवस घालवतात आणि तरी जमत नाही. लिहून दिलेल्या नाटकात इतका गोंधळ बसवता येत नाही.

पण खरं सांगू? आवाज इतका तुळतुळीत आणि भरलेला आहे की मला थोडं परकं वाटलं. मला ती खरखरणारीच जवळची वाटते. माझं काहीतरी चुकतंय का?

फेडरकाका, नारायण पेठ

चुकत काही नाही. मी चौतीस वर्षं ध्वनिमुद्रण केलं, बहुतेक भजनं, कीर्तनं, भावगीतं, म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यावर पोट भरलं. हिपहॉपशी माझा संबंध मुलीमुळे. तिने १९९९च्या गणपतीत ही कॅसेट आणली, आणि 'बाबा, हा ड्रम कसा घेतला असेल सांगा' म्हणून बसवलं. मला सांगता आलं नाही. तेव्हापासून ऐकतो आहे.

आधी तुमच्या 'तुळतुळीत'बद्दल. 'एक्स-फॅक्टर' पुन्हा लावा. शेवटाकडे मागे जे गाणाऱ्यांचं मोहोळ उठतं त्याकडे कान द्या. तो कोरस नाही, तीच आहे, एकावर एक थर चढवलेली. आणि नीट ऐकलंत तर थरांच्या कडा तंतोतंत जुळलेल्या नाहीत. एखादी 'ती' केसभर उशिरा येते, एखादी शब्द आधी सोडते. कापून जुळवणं त्या काळीही अवघड नव्हतं. जुळवलेलं नाही, एवढं मला ऐकू येतं. आमच्याकडे कॉम्प्रेसर नावाची पेटी असते. आवाजाचा उंच भाग दाबायचा, बारीक भाग उचलायचा, म्हणजे गळ्याला इस्त्री. हिने मुलाखतीत सांगितलं होतं की कॉम्प्रेसर लावून आवाजाचा पोत घालवलेला मला आवडत नाही, मी जुन्या, जाड आवाजाच्या रेकॉर्डींवर वाढले. गॉर्डन विल्यम्स हा तिचा मुख्य इंजिनिअर. काम काही न्यू यॉर्कच्या चुंग किंग स्टुडिओत, काही जमैकात किंग्स्टनला, बॉब मार्लीच्या टफ गाँगमध्ये. म्हणजे तुम्हाला जी खरखर अनप्लग्डमध्ये दिसली तिचं बी याच अल्बममध्ये आहे. तिथे ती भरजरी शालूखाली आहे, इथे ती घरच्या सुती लुगड्यात समोर येऊन बसली.

त्याच गाण्याची आणखी एक गंमत. त्यात वू-टँग क्लॅन या रॅपगटाच्या गाण्याचा तुकडा आहे, आणि वू-टँगने तो ग्लॅडिस नाइटच्या गाण्यावरून घेतलेला. पुढे २०१८मध्ये ड्रेकने 'एक्स-फॅक्टर'चाच तुकडा घेऊन 'नाइस फॉर व्हॉट' केलं. आपल्याकडे बंदिश अशीच घराण्याघराण्यांतून फिरते, फक्त वकील नसतात.

आता 'एकच अल्बम'. हा हिशेब मला पटत नाही, कारण तो पाठीवरचं नाव बघून केलेला आहे. श्रेयनामावली बारीक अक्षरात वाचायची मला धंद्यामुळे खोड आहे. १९९४ आणि १९९६ असे हिच्या फ्युजीज या त्रिकुटाचे दोन अल्बम आहेत. दुसरा 'द स्कोअर', त्यात रोबर्टा फ्लॅकचं १९७३चं 'किलिंग मी सॉफ्टली' हिने असं गायलं की आज निम्म्या जगाला ते हिचंच वाटतं. १९९६ मध्येच नास या रॅपरच्या 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड'मधला धृपदाचा आवाज हिचा. १९९८ला अरिथा फ्रँकलिनसाठी 'अ रोझ इज स्टिल अ रोझ' हिने लिहून, निर्मून दिलं. तेव्हा हिचं वय बावीस! अरिथाबाईंना गाणं बांधून देणं म्हणजे आपल्याकडे काय ते तुम्हीच उपमा शोधा, मी शोधली तर इथे भांडणं होतील. पुढच्या वर्षी मेरी जे. ब्लाइजला 'ऑल दॅट आय कॅन से' दिलं. सँटानाच्या 'सुपरनॅचरल'मध्ये हिचं एक गाणं आहे. त्याआधी सँटानाने हिच्या 'टू झायन'मध्ये गिटार वाजवली होतीच. ते गाणं पोटातल्या मुलाबद्दल आहे. मूल आत्ता नको, करिअर बघ, असं लोक सांगत होते आणि हिने ठेवलं. तिथली गिटार दोनदा ऐका, एकदा नुसती. मग २०१५मध्ये नीना सिमोनच्या गाण्यांचा एक संग्रह निघाला, त्यात सहा ध्वनिमुद्रणं हिची. दुकानातल्या कप्प्यात शोधाल तर एकच अल्बम. लोकांच्या घरात जाऊन शोधाल तर पुष्कळ.

सीडीचं: मऊ सुती कापड घ्या, जुन्या धोतराचं किंवा साडीचं. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, किरणं काढतो तसं. गोल गोल अजिबात नाही. आवाजाची रेघ गोलाकार असते, त्या दिशेने ओरखडा गेला तर वाचणारं यंत्र सलग चुकतं. आडवा गेला तर उडी मारून पुढे जातं. आणि सहाव्या मिनिटानंतर काय होतं ते मी सांगणार नाही. यूट्यूबवर बघू नका. पुसा आणि ऐका.

कर्वेनगरकर

काका, एवढी श्रेयनामावली वाचता तर तेही सांगा की. मिसएज्युकेशनवर लेखन, मांडणी, निर्मिती जवळपास सगळं तिच्याच नावावर होतं. न्यू आर्क नावाच्या चार संगीतकारांनी १९९८च्या नोव्हेंबरात दावा लावला की यात आमचा हात आहे आणि त्याचं पुरतं श्रेय आम्हाला नाही. २००१च्या फेब्रुवारीत कोर्टाबाहेर मिटवलं. मिटवलं म्हणजे पैसे दिले. त्यानंतर नवा स्टुडिओ अल्बम नाही. मी जमवतो ती दोन आणि दोन चारच होतात.

अल्बम उत्तम आहे याबद्दल वाद नाही. दहा ग्रॅमी नामांकनं, पाच मिळाली, वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेला पहिला हिपहॉप अल्बम. प्रश्न श्रेयाचा आहे.

फेडरकाका, नारायण पेठ

मुद्दा रास्त आहे, टाळला नव्हता, दम घेत होतो. आमच्या धंद्यात ही जुनी जखम आहे. चाल संगीतकाराची, पण सुरावटी लिहिणारा, वादकांना बसवणारा अरेंजर वेगळा, आणि कव्हरवर त्याचं नाव मुंगीएवढं किंवा नाहीच. मी स्वतः अशा किती कॅसेटींची कव्हरं छापायला जाताना गप्प बसलो, त्याचा हिशेब देत नाही. त्या चौघांना पुरतं श्रेय मिळायला हवं होतं.

पण तारखा तुम्हीच काढल्यात, तर पुढचीही लावा. फेब्रुवारी २००१ला दावा मिटला. त्याच वर्षी जुलैत ही बाई न्यू यॉर्कमध्ये एमटीव्हीच्या प्रेक्षकांसमोर बसली. बँड नाही, कोरस नाही, गिटारसुद्धा स्वतःच वाजवलेली, आणि जुनी हिट गाणी बाजूला ठेवून जवळपास सगळं नवं. वाजवणं फार भारी नाही, मोजके कॉर्ड फिरवत राहते. पण आता यात तुझं किती आणि दुसऱ्याचं किती, हे विचारायला जागाच नाही. तिने तेवढ्यासाठी केलं असं मी म्हणत नाही, तिच्या मनात मी शिरलेलो नाही. मला मात्र ती सीडी त्या दाव्याच्या उजेडात वेगळी ऐकू येते.

एक आठवण सांगतो. नव्वदच्या आसपास एक कीर्तनकार बुवा आले होते, रात्रभर जागरणाचं कीर्तन करून तसेच स्टुडिओत. गळा पार बसलेला. स्टुडिओ पैसे भरून घेतलेला, म्हणून एक अभंग घेतला. दुसऱ्या चरणाला आवाज चिरला आणि ते थांबले नाहीत. सगळे म्हणाले, वाया गेलं. पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी तोच अभंग स्वच्छ गायला, तो कॅसेटवर आला, खपलाही बरा. चिरलेला टेक पुसायची माझ्यावर जबाबदारी होती. त्या टेपचं स्पूल अजून माझ्या कपाटात आहे.

नदीपात्र_ढोल

काका, ते स्पूल ऐकवायला लागतंय. मी येतो, बाकरवडी आणतो.

फेडरकाका, नारायण पेठ

चारनंतर ये.

खडूपेटी

बारा दिवसांनी येतेय, माफ करा.

आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. काकांनी सांगितलं तसं मधून कडेला, किरणं काढत पुसलं. पहिल्या वेळी तरीही अडकली. मग चष्मा लावून उजेडात धरली तर चिकट ठिपका, बहुतेक अमेरिकन जॅम. ओल्या बोळ्याने काढला.

दुपारी दीडला लावली. सहावं मिनिट गेलं. कर्वेनगरकरांसाठी सांगते, यूट्यूबवर बघितलं नव्हतं.

गाताना तिला रडू फुटतं. इतकं मला अपेक्षित होतं, काकांच्या बोलण्यावरून. पण रडताना गळा दाटून येतो. आवाज नीट लागत नाही. ती त्या दाटलेल्या गळ्यातून गाते. बोटं चालूच. शब्द तुटतात, सूर निम्मा राहतो, गिटार मात्र तीच फेरी मारत राहते, जणू दुसरंच कोणी वाजवतंय. मी पाटी हातात धरून बसले होते. नवरा स्वयंपाकघरातून आला, 'काय झालं?' विचारलं. लिहायला पेन्सिल सापडेना.

परवा तपासणी झाली. गाठी लहान झाल्यात, गेल्या नाहीत. बोलायला परवानगी, पण मोजून, आणि चढ्या आवाजाला कायमची बंदी. खालच्या मजल्यावरची खोली मागितली होती, ती काही मिळाली नाही. सोमवारपासून शाळा. तुळशीबागेतून पितळेची घंटा आणलीये, देवघरातली नव्हे, जरा मोठी. एक टोल म्हणजे गप्प, दोन म्हणजे पुस्तक काढा. पाऊस जोरात असेल तेव्हा पान क्रमांक फळ्यावर. हजेरी पहिल्या बाकावरची मुलगी घेईल, तिचा आवाज खणखणीत आहे. तिला सांगून ठेवणार आहे की प्रत्येकाला तीनदा हाक मारायची.

काल दादा आला. खोकं न्यायला, बावीस वर्षांनी! आतलं सगळं बघून म्हणाला, एक सीडी कमी आहे.

शिट्टी दिली त्याला.